वरनं सांडलेलं, आतनं आलेलं

पाळणाघर चालवणारी बाई घरकामाला बाई ठेवते म्हटलं की लोक हसतात. आमचे शेजारी तर मोठ्यांदा हसले. ‘म्हणजे लोकांची पोरं तुम्ही सांभाळणार, आणि तुमचं घर तिसरंच कुणी सांभाळणार!’ असं म्हणून त्यांनी स्वतःच्याच विनोदावर टाळीसाठी हात पुढे केला. मी टाळी दिली नाही. माझ्या दोन्ही हातांत त्या वेळी एकेक मूल होतं, आणि त्यातलं एक ओलं होतं.

गोष्ट १९८७ सालची. पुण्यात सहकारनगरला आम्ही तळमजल्यावर राहत होतो. पाळणाघर काढावं असं काही माझ्या मनात नव्हतं. पण वरच्या मजल्यावरची सून बँकेत होती, आणि बाळंतपणाची रजा तेव्हा बारा आठवड्यांची मिळायची. (ती सव्वीस आठवड्यांची झाली २०१७ साली. तोवर ते बाळ बाप होण्याच्या वयाचं झालं होतं.) बारा आठवडे संपले तशी ती बाळ आणि दुपट्यांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. ‘काकू, चार दिवस बघाल का?’ ते चार दिवस पुढे अकरा वर्षं चालले. एका बाळाची दोन झाली, दोनाची चार झाली, आणि वर्ष संपायच्या आत आमच्या हॉलमध्ये नऊ मुलं नांदू लागली. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा. फी महिना दीडशे रुपये, दूध ज्याचं त्याचं.

नऊ मुलांचं जेवण कसं असतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना केर म्हणजे काय ते कळणार नाही. एका मुलाला वरणभात भरवला की तीन घास पोटात जातात, एक घास झबल्यावर जातो आणि उरलेला ताटाभोवती गोल पसरतो. याला नवाने गुणा. त्यात एक मूल भातावर बसतं, एक त्यावरून रांगत जातं आणि तोच भात आतल्या खोलीत पोचवतं. दुपारी दीड वाजता आमच्या फरशीवर एवढं अन्न असे की एखादा बेताच्या भुकेचा पाहुणा सहज जेवून गेला असता. पहिले सहा महिने हे सगळं मीच काढलं. सातव्या महिन्यात एके दिवशी फरशी पुसायला बसले ती बसलेच. कंबर उठायला तयार होईना. मुलांना वाटलं काकूंनी नवा खेळ काढला. दोघं पाठीवर चढली.

त्या रात्री ह्यांनी फर्मान काढलं, बाई ठेव.

बाई ठेवणं हे वाटतं तेवढं सोपं नसतं. साध्या घरात बाई ठेवायची तर सकाळी आठला येईल, तासाभरात आटपेल, जाईल. पाळणाघरात तसं चालत नाही. सकाळी पुसलेली फरशी अकरापर्यंत टिकत नाही. संध्याकाळी पुसावी तर आया मुलं न्यायला येतात, आणि आपलं बाळ कसल्या फरशीवर दिवसभर होतं हे त्यांना त्याच वेळी दिसतं. म्हणजे फरशी पुसायची ती दुपारीच, जेवणं झाल्यावर, मुलं निजल्यावर. आणि मुलं निजतात कुठे? फरशीवरच. हे कोडं मी पुष्कळ दिवस सोडवत होते.

पहिली बाई रविवारी सकाळी बोलणी करायला आली. मुलं नसतात म्हणून मीच तिला रविवार दिला होता. ती साडेनऊला आली आणि तेव्हा रविवारी साडेनऊला टीव्हीवर ‘रामायण’ लागायचं हे मी विसरले होते. आमच्याकडे टीव्ही होता, म्हणून वरची माणसं, समोरची माणसं आणि समोरच्यांचे पाहुणे अशी सगळी मंडळी हॉलमध्ये बसलेली. बाईंनी चपला काढल्या, हात जोडले, पुढे जागा करून घेतली आणि भाग संपेपर्यंत पापणी हलवली नाही. संपल्यावर डोळे पुसत म्हणाल्या, ‘आता मला उशीर झाला. पुढच्या ऐतवारी बोलू.’ पुढच्या ऐतवारीही असंच झालं. चार ऐतवार त्या नेमाने बोलणी करायला येत होत्या. मग त्यांच्याच वस्तीत कुणीतरी टीव्ही घेतला.

दुसरी आली ती बरोब्बर दीड वाजता, कामाच्या वेळी. तिने दारातूनच मुलं मोजली.

‘एवढी सगळी तुमची?’

‘नाही हो. लोकांची.’

‘मग लोकांकडं का नाही ठेवत?’

याला उत्तर नव्हतं. तीही थांबली नाही.

तिसरी मात्र महिनाभर टिकली, आणि तिच्याबद्दल मी अजूनही वाईट बोलणार नाही, कारण कामाला ती चोख होती. फक्त तिला फिनेलचं वेड होतं. बादलीत ती फिनेल असं ओतायची की आमचं घर दारातून आत येणाऱ्याला सरकारी दवाखाना वाटावं. हेही मी सोसलं असतं. पण काळं फिनेल पाण्यात पडलं की पांढरंशुभ्र होतं, हे बायकांना ठाऊक असतं, आणि दुधासारखं दिसतं, हे दोन वर्षांच्या मुलांना ठाऊक असतं. एके दिवशी तिने उरलेलं फिनेलचं पाणी एका तांब्यात काढून खिडकीत ठेवलं. मी मोरीत होते. ‘दूद! दूद!’ असा आनंदाचा आवाज आला. मी जशी होते तशी धावले. तांब्या त्याच्या ओठाला लागायला वीतभर अंतर होतं. मी तो हिसकला, तो माझ्या अंगावर सांडला, आणि मुलगा माझं दूध सांडलं म्हणून तासभर रडला. त्या दिवसापासून आमच्याकडे फिनेल बंद झालं ते झालंच. फरशी साध्या पाण्याने पुसायची, आणि आठवड्यातून एकदा, रविवारी, मुलं नसताना, सोड्याच्या पाण्याने.

मग चौथी आली. १९८८ च्या संक्रांतीनंतर. हीच ती.

जनता वसाहतीत राहायची, पर्वतीच्या उतारावर. वय पंचविशीच्या आत, अंगाने काटक, आणि डावरी. मी तिची चौकशी करावी म्हणून बसले, तर चौकशी तिनेच सुरू केली.

‘पोरं किती?’

‘नऊ.’

‘रांगती किती, चालती किती?’

‘चार रांगतात, तीन चालतात, दोन अजून पडूनच असतात.’

‘रांगतं पोर बरं,’ ती म्हणाली. ‘निम्मी फरशी तेच पुसतं. चालतं पोर वंगाळ. सांडतं आणि फुडं जातं.’

इतका मूलभूत विचार मी सहा महिन्यांत केला नव्हता. मग तिने अटी सांगितल्या. केर-फरशी दोन वेळा आणि दुपट्यांचं धुणं, नव्वद रुपये. महिन्याला दोन सुट्ट्या.

‘दोन?’ मी म्हटलं.

‘मग? आठ वर्सामागं संप केला त्यो काय उगीच?’

तो संप मला चांगला आठवत होता. १९८० साली पुण्यातल्या मोलकरणींनी कामं बंद केली होती, आणि पुढे त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. आमच्या सासूबाई तेव्हा होत्या. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘माजल्यात मेल्या.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी मोरीतली भांडी मोजली. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, ‘दोन सुट्ट्या म्हणजे काही फार नव्हे हो.’ घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा करायला महाराष्ट्र सरकारला २००८ साल उजाडलं. सासूबाईंना तीन दिवस पुरले होते.

सुट्ट्या मी कबूल केल्या. शेवटी तिने मुख्य मुद्दा काढला.

‘आणि हे बगा, पोरांचं हागणं-मुतणं मी न्हाई काढायची.’

‘अहो, पण फरशी पुसणार ना तुम्ही? मग फरशीवरच झालं तर?’

तिने थोडा विचार केला, आणि एखाद्या न्यायाधीशाने द्यावा तसा निकाल दिला. ‘वरनं सांडलेलं माझं. आतनं आलेलं तुमचं.’

हा करार आम्ही दोघींनी कागदावर न लिहिता पाळला. वाद फार थोडे झाले. एकदा एका मुलाने पाणी पिता पिता दोन्ही केलं तेव्हा फरशीवर एकच डबकं होतं, आणि आम्ही दोघी त्याच्या दोन बाजूंना उभ्या राहून ते न्याहाळत होतो. बाईंनी पायाचा अंगठा बुडवला. ‘कोमट हाय,’ त्या म्हणाल्या, आणि फडकं माझ्या हातात दिलं.

फरशी कधी पुसायची, हे कोडंही तिने पहिल्याच दिवशी सोडवलं. मुलं गोधड्यांवर निजायची, दोन-दोन तीन-तीन एकेका गोधडीवर. बाई अर्धा हॉल रिकामा करून पुसायची, तो वाळला की आम्ही दोघी गोधडीची दोन टोकं धरून, मुलांसकट, अलगद ओढत त्या बाजूला न्यायचो. मग उरलेला अर्धा. मोझेकच्या फरशीवर गोधडी अशी सरकते की आतलं मूल चुळबूळसुद्धा करत नाही. फक्त एक होता, त्याला आम्ही भोंगा म्हणायचो. तो मध्येच डोळा उघडायचा, भिंत सरकताना बघायचा आणि पुन्हा झोपायचा. त्याला पुढे गाडीत बसलं की लगेच झोप लागायची असं त्याची आई सांगायची. कारण मी तिला कधी सांगितलं नाही.

मी तिला बाई म्हणायची, आणि ती मलाही बाईच म्हणायची. सोसायटीचा रखवालदार ‘बाई, पाणी चाललं!’ म्हणून ओरडला की आम्ही दोघी बादल्या घेऊन धावायचो. पुढे मुलांचं ऐकून ऐकून तीही मला काकू म्हणू लागली, आणि बादल्यांची टक्कर थांबली.

स्वतःबद्दल ती फार बोलायची नाही. बहात्तरच्या दुष्काळात आईबाप सोलापूरकडून खडी फोडत फोडत पुण्यापर्यंत आले, तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती. नवरा ट्रकवर क्लीनर, महिन्यातून चार-सहा दिवस घरी. एक मुलगी, चार वर्षांची. ‘मुलगी कुणाजवळ असते?’ असं मी एकदा विचारलं होतं. ‘असत्यात समदी,’ ती म्हणाली, आणि मीही पुढे विचारलं नाही. दुपारच्या चहाबरोबर मी तिला दोन बिस्किटं द्यायची. ती चहा पिऊन टाकायची. बिस्किटं कधी खाल्ली ते मी पाहिलं नाही, पण बशी रिकामी असायची.

अशी सात-आठ महिने घडी बसली होती, आणि मग ते डूल हरवलं.

आमच्याकडे एक अकरा महिन्यांची मुलगी होती. तिच्या आजीने बारशाला घातलेले सोन्याचे डूल तिच्या कानांत असत, फिरकीचे, मुगाच्या दाण्याएवढे. दागिने घालून पाठवू नका असं मी सगळ्यांना सांगायची, पण आजीपुढे आईचं चालत नव्हतं आणि आईपुढे माझं. एका संध्याकाळी आई तिला न्यायला आली, कडेवर घेतलं, पापी घेतली, आणि म्हणाली, ‘काकू, हिच्या डाव्या कानातलं?’

आम्ही गोधड्या झटकल्या. खेळणी ओतली. केरसुणीने कपाटाखालचं काढलं, त्यात तीन भेंडीची बोटं, एक बटण आणि गेल्या दिवाळीतली करंजी निघाली. डूल नाही. ‘जाऊ द्या, घरी पडलं असेल,’ ती म्हणाली. पण असं म्हणताना ती मोरीच्या दाराकडे बघत होती. तिथून बाई तासाभरापूर्वी काम आटपून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी स्वतः आल्या. ‘तुमच्या त्या बाईला विचारलंत?’

‘ती तशी नाही हो,’ मी म्हटलं.

हे वाक्य दोन तऱ्हांनी म्हणता येतं. एका तऱ्हेने म्हटलं की विषय संपतो. मी दुसऱ्या तऱ्हेने म्हटलं.

आता पुढचं सांगायला मला छत्तीस-सदतीस वर्षांनंतरही जरा जड जातं, पण सांगते. त्या दुपारी बाई हॉलमध्ये फरशी पुसत होत्या. त्यांची कापडी पिशवी नेहमीप्रमाणे स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटीला होती, तोंडाला गाठ मारलेली. मी ओट्याशी उभी होते. डूल सापडलं नाही तर उद्या आजी सोसायटीभर बोलणार, दोन-चार मुलं जाणार, दीडशेप्रमाणे सहाशे रुपये जाणार, हा सगळा हिशेब माझ्या डोक्यात चालला होता. पलीकडून फडकं पिळल्याचा आवाज येत होता, म्हणजे निदान एक हात तरी मारायचा राहिला होता. मी पिशवी काढली आणि गाठ सोडली.

आत मिश्रीची डबी होती. प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं रेशनकार्ड होतं. वर्तमानपत्राच्या तुकड्यात दोन ग्लुकोजची बिस्किटं होती, मी अर्ध्या तासापूर्वी दिलेली. आणि तळाशी एक किल्ली होती, अलीगढी कुलपाची, बोटभर लांब.

डूल नव्हतं. मला हायसं वाटलं. मी गाठ मारली, पिशवी खुंटीला लावली, हात धुतले. आणि हात पुसता पुसता मनात आलं, बिस्किटं कुणासाठी ते कळलं, पण किल्ली इथे कशी? किल्ली इथे, तर कुलूप तिथे. आणि घरात तर मुलगी.

बाई साडेबाराला घरातून निघायची. माझ्यानंतर आणखी एक काम करून पाचला परत जायची.

मी ओट्याला टेकून उभी राहिले. हॉलमध्ये नऊ मुलं पंख्याखाली निजली होती. वस्तीतल्या घरांचे पत्रे ऑक्टोबरात किती तापतात ते मला ठाऊक होतं, कारण आमच्या गच्चीवरून ते नुसते बघितले तरी डोळे दिपायचे. विचारावं असं शंभरदा वाटलं. पण विचारणार कसं? ‘तुमच्या पिशवीत किल्ली दिसली’ म्हटलं की पुढचा प्रश्न तिचा. चोरी पकडायला निघालेल्या माणसाची अशी अवस्था होईल असं कोणत्याही गुप्तहेर कथेत मी वाचलं नव्हतं.

रात्री ह्यांना सांगितलं. ह्यांचा पहिला प्रश्न, ‘पण तू पिशवी का उघडलीस?’

‘ते सोडा हो.’

हे सरकारी कचेरीत होते. कुठल्याही दुःखावर कायदा काय म्हणतो ते सांगायची त्यांना खोड होती. ते म्हणाले, ‘१९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची तरतूद आहे. आधी पन्नासाहून जास्त बायका कामाला असतील तर लागायचं, १९७६ च्या दुरुस्तीनंतर तीसहून जास्त असतील तर.’

‘आपल्याकडे दोन आहेत,’ मी म्हटलं. ‘त्यातली एक मी.’

‘तर मग कायद्याने काही करता येत नाही,’ ते म्हणाले आणि कुशीवर वळले. थोड्या वेळाने अंधारातून आवाज आला, ‘कायद्याशिवाय येतं.’

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता ती अकरा महिन्यांची मुलगी भांड्यावर बसली होती. आमच्याकडे मुलांसाठी इनॅमलची भांडी होती. मी नेहमीप्रमाणे शेजारी बसून ‘काऊ ये, चिऊ ये’ चालवलं होतं. एकाएकी ‘टण्’ असा आवाज झाला.

इनॅमलवर सोनं पडल्याचा आवाज फार गोड असतो. ते डूल मी सात पाण्यांनी धुतलं, मग गरम पाण्याने, मग हळदीच्या. संध्याकाळी आजींच्या हातावर ठेवलं आणि त्या ‘कुठं होतं गं बाई?’ म्हणाल्या, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, ‘फरशीवर. आमच्या बाईंना सापडलं, केर काढताना.’ खरं सांगायचं तर आजी ते डूल डोळ्याला लावत होत्या, अशा वेळी खरं सांगणं बरं दिसलं नसतं.

पण त्याचा परिणाम असा झाला, की दुसऱ्या दिवशी दुपारी आजी मुद्दाम आल्या आणि बाईंच्या हातावर त्यांनी पाच रुपयांची नोट ठेवली. ‘प्रामाणिक आहेस हो. हल्ली अशी माणसं मिळत नाहीत.’

बाईंनी नोटेकडे बघितलं, आजींकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे. आजी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आली.

‘मला काय घावलं, काकू?’

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डूल हरवलं होतं, ते सापडलं, असं मी सांगितलं. कुठे सापडलं तेही सांगितलं. मधलं सांगितलं नाही.

तिने पाचची नोट नीट चौघडी केली आणि ओट्यावर ठेवली. ‘मग हे तुमचं,’ ती म्हणाली. ‘आतनं आलेलं.’

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. त्या हसण्या-न हसण्याच्या मध्येच मी धीर केला. ‘बाई, उद्यापासून तुमच्या मुलीला इकडे घेऊन येत जा.’

‘का?’

‘अशीच. नऊ आहेत त्यात दहावी.’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘फी किती?’

इथे ‘फी कसली हो!’ एवढे तीन शब्द माझ्या तोंडून निघायला हवे होते. ते घशापर्यंत आलेही होते. पण आधी सवयीचे शब्द निघून गेले. ‘सगळ्यांना दीडशे आहे.’

तिने बोटांवर मोजलं. ‘तुम्ही मला देता नव्वद. मी तुम्हाला द्यायचे दीडशे. म्हंजे म्हैनाभर तुमची फरशी पुसायची आणि वर साठ रुपये घरनं आणून द्यायचे.’ ती माझ्याकडे बघत होती, रागाने नव्हे, खरोखरच नवल वाटल्यासारखी. ‘तुमच्याकडं काम करणं मला परवडायचं न्हाई, काकू.’

मी कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. ‘अहो तसं नाही, तुमच्याकडून मी घेणार नाही.’

‘फुकट नगं,’ ती म्हणाली. ‘फुकट ठिवलेलं पोर दारात बसवत्यात.’

मग पुन्हा सौदा झाला, आणि तो तिनेच ठरवला. मुलगी राहील, जेवेल, निजेल, सगळ्या पोरांबरोबर गोधडीवर, दारात नव्हे. त्याच्या बदल्यात ती असेपर्यंतचं आतनं आलेलंसुद्धा तिचं. सौद्यात फायदा झाला तो माझा, हे मला तिसऱ्याच दिवशी माझ्या कमरेने सांगितलं.

मुलगी आली. तेल लावून चप्प बसवलेले केस, दोन मापं मोठा फ्रॉक. खेळण्यांकडे तिने पाहिलंही नाही. आमच्या हॉलच्या दाराला मुलं बाहेर जाऊ नयेत म्हणून कमरेएवढं लाकडी फाटक बसवलं होतं, आणि त्याला आतून कडी होती. ती सरळ तिथे गेली. कडी काढली, फाटक उघडलं, बाहेर बघितलं, फाटक लावलं, कडी घातली. पुन्हा काढली. असं ती जेवायच्या वेळेपर्यंत करत होती. भोंगा तिच्या शेजारी उभा राहून बघत होता. मी एकदा ‘बाळ, पुरे आता’ म्हणायला गेले, आणि नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने ते तासभर केलं. चौथ्या दिवशी ती ठोकळ्यांकडे वळली.

आयांचं म्हणाल तर त्यांना कुणालाच काही वाटलं नाही. जे वाटलं ते सगळं त्यांच्या सासूबाईंना. ‘मला काही नाही हो काकू, पण आमच्या सासूबाई विचारत होत्या, बाईंची मुलगीही त्यांच्याबरोबरच जेवते का?’ मी म्हणायची, जेवते. ‘एकाच गोधडीवर?’ मी म्हणायची, हो, आणि तिच्या शेजारी निजली की तुमचा लाथा मारत नाही. एका आईने, म्हणजे सासूबाईंनी, मुलगा काढून दुसरीकडे घातला. तीन आठवड्यांनी परत आणला. तिथे दुपारी फरशी ओली असते म्हणे.

ती पाचची नोट मी बरेच दिवस चहाच्या डब्याखाली ठेवली होती. ना तिला देता येत होती, ना खर्च करवत होती. शेवटी तिचे ठोकळे आणले.

पुढचं वर्ष संपायला आलं होतं. जूनमध्ये मुलीचं नाव शाळेत घालायचं होतं, त्याची बोलणी आम्ही दोघी दुपारी दबक्या आवाजात करत होतो. मुलं निजली होती, अर्धा हॉल पुसून झाला होता, वाळायची वाट बघत आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. बोलता बोलता बाई म्हणाली, ‘काकू, त्या टायमाला पिशवीची गाठ माझी नव्हती.’

मी फरशीकडे बघत राहिले. फडक्याचे अर्धगोल ओरखडे अजून ओले होते. नेहमीप्रमाणे उलट्या बाजूला वळलेले.

‘मी डावरी. माझी गाठ उलटी पडती. घरी जाऊन सोडाया लागले, तर सुलटी.’

‘मग तेव्हाच का बोलला नाहीत?’ मी कसंबसं विचारलं.

‘बोलणार होते. रातभर बोलणार होते. मग म्हटलं, डूल न्हाई घावलं, पण किल्ली तर बघितली असंल की. बघू तरी काय करत्यात.’ तिने हाताने फरशी चाचपून बघितली. ‘तवाच भांडले असते तर काम गेलं असतं, आन् पोरगी ऱ्हायली असती कुलपातच.’

मला काय बोलावं सुचेना. मी तोंड उघडलं, पण तिने ओठावर बोट ठेवलं, भोंग्याने एक डोळा उघडला होता. मग तिने गोधडीचं एक टोक हातात घेतलं.

‘वाळलं,’ ती म्हणाली. ‘धरा तिकडनं.’